हात सुटण्याआधी खोड सांगायची असते

यशवंत, तू मला फसवलंस.

उभी हयात मी गुरांच्या बाजारात दलाली करत काढली. मला गुंडाळायला आलेले चांगले चांगले लोक हात हलवत परत गेले. आणि मला फसवलं कोणी, तर मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरानं. मी बिडी सोडायची आणि तू सिगारेट सोडायची, असा आपला सौदा होता. मी सोडली. तू सोडली नाहीस, कारण सोडायला तुझ्याकडे काही नव्हतंच. तू ती माझ्याही आधी, मला पत्ता लागू न देता सोडून बसला होतास. जो माल दावणीला नाही, तो तू मला विकलास.

हे मला तू गेल्यावर कळलं.

तुझ्या शाळेतली जुनी मुलं परवा बाजारात मला भेटायला आली होती. पुण्यानुमोदनाला, घरी सगळे तुला आदरांजली वाहायला जमतील त्या दिवशी, तुझ्या आठवणींची पुस्तिका वाटायची आहे म्हणाली. "काका, तुम्ही सरांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोन पानं द्या." गोड लिहा असं कोणी बोललं नाही, पण ते तोंडावर दिसत होतं. मी गोड लिहिणार नाही. तू कुठे जन्मलास, कुठे कुठे शिकवलंस, ते बाकीचे लिहितील. मला फक्त आपल्या सौद्याचं बोलायचं आहे, कारण तो अजून मिटलेला नाही.

बाजाराचा कायदा तुला माहीत होता, मीच तुला शिकवला होता. खांद्यावरचा रुमाल, म्हणजे दस्ती, पसरायची, तिच्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. जनावरात जी खोड असेल ती हात सुटण्याआधी सांगायची. खोड लपवून हात सोडला, तर तो सौदा सौदा नव्हे. समोरचा दुसऱ्या दिवशी बैल परत आणून बांधू शकतो आणि कोणी त्याला बोल लावत नाही. मग मला सांग, मी माझा शब्द पाळायला बांधलेला आहे की नाही? तुझ्या मातीवरून परतताना मी मावला गावच्या टपरीवर बिडीचा कट्टा घेतला. अजून फोडलेला नाही. पण खिशात आहे.

मला दवाखान्यातून घरी आणलं होतं तेव्हाची गोष्ट. छातीत कळ आली होती, डॉक्टरनं बिडी बंद म्हणून सांगितलं होतं आणि रोज चाला म्हणून सांगितलं होतं. मी दोन्हीला हो म्हटलं, आणि घरी येऊन आधी उशीखाली चाचपलं. बायकोनं, कमलनं, कट्टा उचलून कुठे टाकला कोणास ठाऊक. मी घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात तू आलास. ओठात सिगारेट होती. मी काडी ओढून पुढे केली, तर म्हणालास, "राहू दे, वारा हाय."

घरात कुठला वारा, यशवंत? पंखासुद्धा बंद होता. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी तुझ्याकडे बघत नव्हतो, तुझ्या ओठातल्या सिगारेटकडे बघत होतो.

"पुंड्या, सोडनार हाय का मरनार हाय?" तू विचारलंस.

"तू सोडतं का? तू शायेच्या मागं उभा राहून पोरायपासून लपून पेत होता. मले सांगून राह्यला!"

"सोडतो."

"कवा?"

"तुह्यासंग. आत्ता. टाक दस्ती."

आणि तू हात पुढे केलास. मास्तर माणूस, जन्मात कधी दस्तीखाली हात घातला नव्हता. मला हसू आलं आणि रागही आला. मी दस्ती टाकली. तुझा हात गार होता. तू बोटं घट्ट धरलीस आणि मी काही बोलायच्या आत सोडून दिलीस. एवढ्या घाईनं हात कोण सोडतो? ज्याच्या जनावरात खोड असते तो.

मग सुरू झालं वेळेचं भांडण. मी म्हणायचो, मला वेळ कुठे आहे? पहाटे गाड्या उतरतात, दिवसभर बाजार, संध्याकाळी हिशेबाची माणसं. चालायला जाणं हे पेन्शनवाल्यांचं काम. तू शांतपणे विचारलंस, "बिडी प्यायले वेळ भेटत होता नं?" मी म्हटलं, तो वेळ नाही, ती बिडी आहे. तू म्हणालास, "तोच वेळ हाय. तूच तो जाळून राह्यला होता. बिडीची याद आली का बाजाराले एक चक्कर मारायची. बस."

ही अक्कल एका मास्तराची. बाजारात दलाल रिकाम्या हातानं फिरला की काय होतं, ते तुला काय माहीत? मी चकरा मारायला लागलो. नजर सवयीनं खुरांवर, शिंगांवर जायची. लगेच कुजबूज सुरू झाली. पुंडलिकशेठ बिडी न ओढता दावण दावण फिरून राह्यले, म्हणजे मागे मोठं गिऱ्हाईक आहे. विकणारे ताठले. दुपारपर्यंत साध्या जोडीवाल्यानंही मान वर केली. मी तुझ्या घरी येऊन ओरडलो, "तुह्या तब्येतीच्या नादात बैल महाग झाले न बे!"

तू इतका हसलास की तुला भिंत धरावी लागली. सुमनवहिनी आतून पाणी घेऊन धावत आल्या. हसणाऱ्या माणसासाठी कोणी पाणी घेऊन धावतं का? तेव्हा मी ते हसू समजलो होतो. आता मला प्रत्येक गोष्ट उलटून बघावी लागते, तिच्या पोटाखाली काय आहे ते. तू माझ्या आठवणीसुद्धा धड ठेवल्या नाहीस.

दुसरी पंचाईत त्याहून मोठी. सौदा जुळला की विकणारा दलालाला बिडी देतो आणि दलाल ती तिथेच पेटवतो. म्हणजे सगळं साफ आहे, कोणाच्या पोटात काही नाही. मी बिडीला हात लावेना. जैनथ गावचा एक शेतकरी होता, गोऱ्ह्यांची सुंदर जोडी विकत घेत होता. म्हणाला, "शेठ, बिडी काऊन नाई घेत? जोडीत काई हाय का?"

"काई नाई बापा. डॉक्टरनं बंद केली."

"डॉक्टरनं तुमाले बंद केली, का जोडी पाहून तुमी बंद केली?"

त्यानं जोडीला हात न लावता विकणाऱ्याला सांगितलं, ठेव तुझी जोडी. आणि निघून गेला. मी तुझ्या नावानं शिव्या घातल्या. तू ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिशात गुळाचा खडा आणि शेंगदाणे कोंबलेस. "दोघायनं मिळून काईतरी तोंडात टाकलं म्हंजे झालं. धूरच कशाले पाह्यजे? खाल्लं त्यानं, खाल्लं तू. सौदा पक्का."

मला वाटलं, लोक थट्टा करतील. केलीही. आमच्या बाजारात येणारे तेलुगू व्यापारी तर लांबूनच हाका मारायचे, "अन्ना, बेल्लम!" म्हणजे, भाऊ, गूळ! पण चाललं, यशवंत. आज त्या बाजारात मी सोडून आणखी काही दलालही गूळच देतात. त्यांना माहीत नाही की ही रीत एका मास्तरानं काढली. मीही सांगितलेलं नाही. तुझं श्रेय मी दाबून ठेवलं आहे. तू माझ्यापासून जे दाबलंस त्यापुढे हे काहीच नाही.

आणि मग सकाळची फेरी. चकरांनी भागत नाही, मोकळ्या हवेत चालायला हवं, असा तुझाच हट्ट. तू दाराशी यायचास, मला उठवायचास, आणि आपण मावल्याच्या तलावाकडे निघायचो. मी जनावर हाकल्यासारखा चालतो, तुला ठाऊक आहे. तू थोडं चाललास की थांबायचास. "पुंड्या, तो पाह्य, बगळा." मी बघायचो. पुन्हा थोडं चाललो की, "हे झाड कशाचं हाय, सांग." पुन्हा थोडं चाललो की बुटाची नाडी. एकाच बगळ्याचं नाव तू मला कितीदा सांगितलंस! त्या बगळ्यावर तू अख्खं व्याख्यान द्यायचास, तेही सावकाश, एकेक शब्द तोडून, वर्गात सांगितल्यासारखं. मला वाटायचं मास्तरकीची खोड जात नाही.

मी बैल घेताना त्याला आधी चढावर चालवतो. नाकपुड्या बघतो, बरगडी बघतो, किती वेळात श्वास खाली बसतो ते बघतो. अंधारातही मला धापेचं जनावर कळतं. आणि तू रोज माझ्या शेजारी चालत होतास. हे मला दिसलं कसं नाही, याचा मी तू गेल्यापासून विचार करतो आहे, आणि आता कळलं आहे. तू मला दुसरीकडे बघायला लावलंस.

विकणाऱ्याची ही फार जुनी चाल आहे. जनावरात मोठं काही असेल तर लहानशी खोड तो स्वतःहून गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू देतो. शेपटीला गाठ, कानाला चीर. गिऱ्हाईक ती सापडल्याच्या आनंदात राहतं, भाव पाडण्यात गुंततं, आणि छाती बघायचं विसरतं. तू तेच केलंस. तू लवंग खाऊन यायला लागलास.

लवंगेचा वास आला आणि माझं डोकं फिरलं. बिडी पिणारा माणूस लवंग कशासाठी खातो, ते मला कोणी सांगायला नको. मग मी रोज तुझे ओठ बघायला लागलो, बोटं बघायला लागलो, सदऱ्याच्या खिशाचा फुगवटा बघायला लागलो. तू थांबलास की मला वाटायचं, धूर पिऊन आलाय, आता दम खातोय. त्या दिवशी तलावाच्या बांधावर मी तुला अडवलं.

"यशा, इकडं ये. तोंड उघड."

"मी काय बैल हाय का बे?"

"लवंग काऊन खाल्ली?"

"दाढ दुखून राह्यली."

"कोनती?"

तू उजवीकडे बोट ठेवलंस. मी म्हटलं, काल डावी दुखत होती. तू हसलास. ते हसणं मला अजून झोपू देत नाही, कारण त्यात पकडला गेलेला माणूस नव्हता. सौदा मनासारखा झालेला माणूस होता.

"पकडलं मंग. पेतो. काय करतं ते कर."

"सौदा मोडला तू."

"मोडला असन. पन तू मोडशीन का?"

"मी काऊन मोडू? मी जबानीचा मानूस हाय."

"मंग झालं तर. माह्या मोडल्यानं तुह्या छातीले काय फरक पडते?"

फरक पडतो! हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं, आताही सांगतो. दोघांनी सोडायची म्हणून मी सोडली होती. समोरचा तेवढंच सोसतो आहे, त्यालाही बोटं रिकामी वाटताहेत, त्यालाही चहानंतर तोंड कोरडं पडतं आहे, या भरवशावर मी ते दिवस काढले. मी तुला बांधावर सोडलं आणि निघालो. तू मागून हाक मारली नाहीस. एक हाक मारली असतीस, "पुंड्या, थांब, मले चालवत नाई" एवढंच म्हणाला असतास, तर मी तुला पाठुंगळी घेऊन आलो असतो. पण तू मला तसंच जाऊ दिलंस.

त्यानंतर तू आला नाहीस. वहिनींनी फोनवर सांगितलं, ताप आहे. मी म्हटलं, ढोंग आहे. मी फोन ठेवला, आणि पुढचा फोन आला तो तू गेल्याचा.

तुझ्या घरी बायामाणसं बसली होती. मी दारातच मोठ्यानं बोललो. मला राहवलं नाही. म्हटलं, सांगून सांगून थकलो, पिऊ नको म्हणून, ऐकलं नाही यानं. सुमनवहिनींनी मान वर केली. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "भाऊजी, ते कुठून पेतीन? तुमी बिमार पडायच्या आधीच नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, फुप्फुस राह्यलंच नाई म्हनून. तवापासून एक झुरका घेतला नाई त्यायनं."

मी पुढे विचारायला तोंड उघडलं तर कोणीतरी आलं, त्या उठून आत गेल्या. त्यानंतर मी दोनदा तुझ्या घरी गेलो. "मंग बोलू, भाऊजी." एवढंच. नजर मिळवत नाहीत.

घरी येऊन मी कमलला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"मले काय मालूम असन? मी त्यायले येवढंच म्हनलं होतं, तुमच्याबिगर हा मानूस कोनाचं आयकनार नाई."

"म्हंजे तू गेली होती त्याच्याकडं! दवाखान्यातून मले आनायच्या आधी?"

ती पोळ्या लाटत राहिली. म्हणजे या सौद्यात मध्ये दलालही होता आणि दलाल असून मला तो दिसला नाही. माझ्या पाठीमागे माझ्याच घरात भाव ठरला. ओठातली न पेटवलेली सिगारेट कोणाची कल्पना होती, तुझी की तिची? लवंग कोणी सुचवली? सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटा मूर्ख होतो, असंच आहे का?

तुला वाटत असेल, पुंड्या कृतघ्न आहे. नाही. माझ्या अंगात काय फरक पडला ते मला माहीत आहे. ट्रकच्या फळीवरून मी आता जनावराच्या पुढे चढतो. भाकरीला वास असतो हे मला या वयात कळलं. नात आधी माझ्याजवळ आली की नाक दाबायची, आता मिशा ओढते. हे सगळं मला मिळालं. पण मी कोणाचं फुकट घेतलेलं नाही, यशवंत. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, तुझाही राबला. तू शिकून वर आलास, मी भांडून. कोणी उपकार म्हणून दिलेला घोटभर चहा मी घेत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. म्हणूनच तू त्याला सौद्याचं रूप दिलंस ना? उपकार म्हणून दिलं असतंस तर मी ते तुझ्या अंगावर फेकलं असतं. मला ओळखण्यातही तू मला फसवलंस.

नातीला इंग्रजी शाळेत घातली म्हणून तू माझ्याशी जे भांडण धरलं होतंस तेही तसंच राहिलं. त्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते आता कोणाला देऊ?

आणि तरी माझा प्रश्न आहे तिथेच आहे. सौदा म्हणजे दोन्ही बाजूंना काही मिळतं. मला मिळालं ते दिसतंय. तुला काय मिळालं? काहीच मिळालं नसेल, तर तो सौदा नव्हता, मग मी कशालाही बांधलेला नाही. आणि काही गेलं असेल, माझ्याबरोबर चालून तुझं उरलंसुरलं त्या बांधावर संपलं असेल, तर मात्र मला ते कळलं पाहिजे. तू सांगू शकत नाहीस. ज्या सांगू शकतात त्या गप्प आहेत.

म्हणून सुमनवहिनी, हे आता तुम्हाला. पुस्तिका तुमच्या हातात पडेल तेव्हा घर माणसांनी भरलेलं असेल. भाषणं होतील, सगळे त्याला चांगला म्हणतील. मीही म्हणेन. मग मी उठून तुम्हाला विचारणार आहे, चारचौघांत, म्हणजे तुम्हाला आत जाता येणार नाही. आजच सांगून ठेवतो.

थंडीत तुम्ही स्वतः त्याच्या गळ्याला मफलर बांधून त्याला माझ्याकडे पाठवत होतात. त्याच्या छातीत काय राहिलं आहे ते तुम्हाला माहीत होतं. पुंडलिक कसा चालतो तेही माहीत होतं. तरी अडवलं नाहीत. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला गप्प राहायला, त्यानं की माझ्या बायकोनं? त्या चालण्यानं तो लवकर गेला, की त्या चालण्यावरच तो तेवढा टिकला? परत आल्यावर तो दारातून आत कसा यायचा, थकून की हसत? तुम्ही रोज बघितलंय. माझ्या वाट्याला फक्त त्याचं घराकडे जाणं यायचं, घरी पोचणं मी कधी बघितलं नाही.

मंग बोलू म्हणू नका, वहिनी. उत्तर द्या.